वहीवरचं नाव

आमच्या बाळापुरातली शेजारची नाहिद नांदेडला एका प्रयोगशाळेत जाते. काचेच्या बशीत अंगातल्या पेशी वाढवायच्या, त्यांना तांबं पाजायचं, अन् वरून काय घातलं की त्या जगतात, काय घातलं की मरतात, ते बघायचं. मी म्हणाले, "बाई, तू तर सासूचं काम करून राहिली!" लई हसली.

दोन वर्षं राबून तिनं शोधून काढलं, की क जीवनसत्त्व घातलं तर तांबं पेशींना जास्तच बाधतं. प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांना वाटत होतं, त्यानं त्या वाचतील. पण शोध छापून आला तो एकट्या सरांच्या नावानं. तिनं विचारलं, तर सरांनी तिचीच वही पुढं केली. "पानापानावर माझंच नाव आहे की!"

ते तिनंच लिहिलं होतं. तिचे अब्बा नासेरभाई तांब्याची भांडी घडवायचे. त्यांच्यात शागिर्दानं घडवलेल्या भांड्यावरही उस्तादाचंच नाव कोरतात; तीच रीत तिनं वहीत पाळली.

"अब्बा, माझंच चुकलं का?"

"न्हाई बेटा. आमचा उस्ताद गिऱ्हाइकाला सांगायचा, हे नासेरनं घडवलं."

नाहिद अजून तिथंच जाते. सरांना सलाम मात्र आता करत न्हाई.