मंदाचा पूर्ण व्हिडिओ

नवऱ्याला माहीत नाही, मुलीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या मंदाला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच असेल कदाचित, तुमच्यापाशी तोंड उघडतेय.

विक्रोळीत मंदा आणि मी एकाच मजल्यावर राहतो. आम्ही मालवणकडचे, ती जालन्याकडची. मी बाळंत झाले तेव्हा आई गावाहून येईपर्यंत माझ्या लेकीला तिनेच न्हाऊ घातलं. आजही बांगड्याचं कालवण तिला माझ्याच हातचं लागतं. अशा माणसाशी — पण थांबा, नीट सांगते.

मंदा नगरसेवकपदाला अपक्ष उभी राहिली. खाडीलगतच्या वस्तीत पाण्याची लाइन यावी म्हणून तिने महापालिकेत किती खेटे घातले होते. वस्तीनेच तिला उभं केलं. सभेत ती म्हणाली, "काही जण म्हणतात, ही झोपडपट्टी उठवा, माणसं कुठेही जाऊ देत. मी म्हणते, आधी घर द्या, मग झोपडीला हात लावा." ते सगळं मोबाइलवर मी शूट केलं. तिनेच सांगितलं होतं — "तू कर गं, तुझा हात हलत नाही."

माझे धाकटे दीर दुसऱ्या उमेदवाराच्या प्रचारात होते. घरी आले, चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, तो व्हिडिओ पाठवा ना. बघू तरी काय बोलल्या." मी पाठवला. इथपर्यंत हवं तर भोळेपणा म्हणा. पण पुढचं?

पुढे जो तो मोबाइलमध्ये मंदाला बघू लागला. मंदा एवढंच बोलत होती — "ही झोपडपट्टी उठवा, माणसं कुठेही जाऊ देत." मागचं-पुढचं कापलेलं. टाकणाऱ्याचं नाव खोटं.

ज्या ॲपवर तो व्हिडिओ फिरत होता, त्या कंपनीकडे मंदाने तक्रार केली. आता तसा नियम आहे, तक्रारीची दखल घ्यावी लागते. उत्तर आलं — मूळ व्हिडिओ असेल तर पाठवा, तपासून हा काढून टाकू. ती तशीच माझ्या दारात आली. चेहरा किती हलका झाला होता तिचा.

"तू सगळं शूट केलं होतंस ना गं?"

"मेमरी फुल झाली गं. मध्येच बंद पडलं."

व्हिडिओ मोबाइलमध्ये होता. मोबाइल माझ्या हातात होता. ती म्हणाली, "असू दे, तू कशाला तोंड पाडतेस?" माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गेली. ती गेल्यावर मी तो डिलीट केला.

दिरांचं नाव निघेल, घरात भांडणं होतील — ही भीती होतीच. पण तेवढीच होती का? मंदाच्या दाराशी आता माणसांची रीघ लागायची, आणि मी फक्त तिची शेजारीण उरले होते. माझ्यासोबत गॅलरीत भाजी निवडणारी मंदा मला परत हवी होती. ती पडावी असं मला — हो, वाटलं होतं.

वस्तीतल्या ज्या मावशीकडे ती हक्काने चहा प्यायची, तिने मंदाला बघून दार लोटून घेतलं. निवडणुकीत मंदा पडली. माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "पडल्याचं काही नाही गं. मी असं बोलेन, हे त्यांना खरं वाटलं."

आता ती विहारात बायकांना जमवते, तक्रार कशी करायची ते शिकवते. म्हणते, "नियम अर्धाच आहे. पुरावा आपण शोधायचा, तोवर मतदान होऊन जातं. कापलेला व्हिडिओ पहिल्यांदा कुणी टाकला, हे कंपनीला शोधावंच लागलं पाहिजे." त्यासाठी ती सह्या गोळा करते. मी पहिल्या रांगेत बसते, तिची पाण्याची बाटली सांभाळत.

मागच्या रविवारी अर्ज माझ्यापुढे आला. तसा नियम झाला, जुन्या तक्रारी उघडल्या, तर दिरांमागोमाग माझं नाव निघणार — हे कळत होतं. मी सही केली. याला प्रायश्चित्त समजू नका. तोंडाने सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून सही केली.

मंदाने कागद पिशवीत भरले. "पाय दुखतात गं," म्हणत माझ्या खांद्यावर भार टाकला. तशाच आम्ही घरापर्यंत चालत आलो.