नागपूरचा लाल ठिपका

बंगळूरच्या आमच्या मारतहळ्ळीत नेट गेल्याची बातमी सगळ्यात आधी बाल्कन्यांना लागते. मीटिंगमधून फेकली गेलेली माणसं फोन हातात घेऊन एकेक करून बाहेर येतात, समोर बघतात, आणि समोरचाही फोन हलवत उभा असला की त्यांच्या जिवात जीव येतो. आपल्या एकट्याचं गेलेलं नाही, एवढ्यावर इथे माणूस अर्धा खूश होतो. उरलेल्या समाधानासाठी एक वेबसाइट आहे. कुणाचं नेट बंद आहे, कुणाचं ईमेल अडकलंय, हे लोक स्वतःच तिथे कळवतात. जिथून तक्रार येते तिथे नकाशावर लाल ठिपका उमटतो आणि खाली लोक मनसोक्त शिव्या घालतात.

मला त्या शिव्यांशी घेणंदेणं नव्हतं. मला रोज दुपारी नागपूरला दिसायचं असायचं.

आई गेल्यापासून बाबा तिथे एकटे होते. ऐकू जवळजवळ येत नव्हतं. कानाचं यंत्र शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकून दिलेलं. साध्या फोनवर ते नुसतं 'हॅलो, हॅलो' करायचे आणि ठेवून द्यायचे. व्हिडिओवर मात्र माझे ओठ बघून त्यांना सगळं कळायचं. म्हणून दुपारचं जेवण आम्ही एकमेकांना बघत घ्यायचो. ते फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचे, मी लॅपटॉपपुढे ताट मांडायचे. "काय जेवून राहिली?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग वरण ओघळेल की काय इतकं आपलं ताट तिरकं करून दाखवायचे. मी दिसले नाही तर ते जेवतच नसत. हे शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून कळलं, ते स्वतः कशाला सांगतील. पडद्यावर त्यांचे गाल आत चाललेले मला दिसत होते आणि मी त्यांना आणखी एक पोळी घ्या म्हणत होते.

त्या उन्हाळ्यात रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि अख्ख्या भागाचं नेट गेलं. दुरुस्तीवाला "स्वल्प टाइम आगुत्ते, मॅडम" म्हणून गेला. थोडाच वेळ लागेल म्हणाला, आणि तो थोडा वेळ दुसऱ्या दिवशीही संपेना. मोबाइलचं नेटवर्क आमच्या फ्लॅटमध्ये शिरतच नाही. पहिल्या दिवशी गच्चीवर जाऊन कसाबसा निरोप धाडला, नेट बंद आहे, तुम्ही जेवून घ्या. दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेले तर सगळी इमारत तिथे जमलेली, त्यामुळे तिथेही काही चालेना. व्हिडिओ लागला नाही, ती वेबसाइट तेवढी रडतखडत उघडली. वरच्या मजल्यावरच्या बेळगावच्या अक्का माझ्या खांद्यावरून डोकावत होत्या. नकाशावर बंगळूर लालेलाल झालं होतं.

"आणि हे वर एकटंच कोण ओ?" त्यांनी बोट ठेवलं.

नागपूरवर एक ठिपका होता.

खाली इंग्रजी आणि कन्नड संतापाच्या मधोमध चक्क मराठीत लिहिलेलं होतं: 'महोदय, मारतहळ्ळी, बंगळूर येथील सेवा कालपासून बंद आहे. मुलगी दिसत नाही. त्वरित दुरुस्ती व्हावी.' कुणीतरी हिंदीत विचारलं होतं की काका, तुमच्याकडे तर चालू आहे ना? बाबांचं उत्तर होतं, 'इकडे चालू आहे. पण उपयोग नाही.'

बाबांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या तक्रार खिडकीवर गेली. तक्रार नोंदवली नाही तर बिघाड झालाच नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे बंगळूरच्या बिघाडाची तक्रार नागपुरातून करण्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. ठिपका आपल्याच घरावर पडतोय हे त्यांच्या गावीही नसणार. अक्का हसायला लागल्या, मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. मला त्यांच्यासमोर बसून जेवायचं होतं. पडद्यावर नाही, खरोखर समोर.

पावसाळ्याआधी मी त्यांना इकडे घेऊन आले. साखरेचा डबाही आला.

आता ते टेबलाच्या पलीकडे बसतात आणि नीट जेवतात. मी घरात आहे एवढं त्यांना पुरतं, असं मी धरून चालले होते. माझी मीटिंग अलीकडे जेवणाच्या वेळेलाच असते, म्हणून कानांवर हेडफोन, डोळे पडद्यावर, आणि हात आपोआप ताटात. त्यांना समोरून लॅपटॉपची पाठ दिसते. आल्यावर सुरुवातीला त्यांनी सवयीने ताट तिरकं करून दाखवलं होतं. मी न बघताच मान हलवली. नंतर त्यांनी ते सोडून दिलं. हल्ली कामाच्या मध्येच मला बाबांची फार आठवण येते, आणि बाबा तर समोरच बसलेले असतात. हे कुणाला सांगायचं?

गेल्या आठवड्यात ऐन जेवणात नेट गेलं. पडद्यावरचे चेहरे तोंड उघडं ठेवून थिजले. मी चिडले, फोन उचलला आणि उठले.

"कुठे चालली?"

"गच्चीवर. तक्रार नोंदवून येते," मी ओठ स्पष्ट हलवत म्हटलं.

बाबांनी हात लांब करून लॅपटॉप मिटला आणि बाजूला सरकवला.

"नको नोंदवू," ते म्हणाले. "राहू दे बंद थोडा वेळ. काय जेवून राहिली, सांग."

दोघांच्या ताटांत तेच वरण होतं. मी परत बसले आणि त्यांना सांगायला लागले.