पाकिटातली खेळी

लग्न ठरताना मध्यस्थानं सांगितलं होतं, "मुलगा बुद्धिबळात ग्रँडमास्टर होणार आहे." सुमनच्या आईनं विचारलं, "मास्तर? कुठल्या शाळेत?" सगळे हसले. जयराम पगारेही हसला. तो देवळाली कॅम्पात कारकून होता, आणि भारतात तोवर एकही ग्रँडमास्टर झालेला नव्हता.

पुढची बारा वर्षं त्याच्या सगळ्या रजा स्पर्धांनी खाल्ल्या. माहेरच्या लग्नांना सुमन एकटीच जायची. अखेर साहेबांनी बजावलं, "पगारे, ही शेवटची रजा. पुढे घोडे तरी नाचवा, नाहीतर फायली तरी."

त्र्याऐंशीची निवड स्पर्धा नाशकातच होती. पहिले दोघं राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होते. छत्तिशीतल्या जयरामला हीच एक वाट उरली होती. शेवटच्या डावात त्याची मोहरी काळी होती. संध्याकाळी वेळ संपली तेव्हा डाव अपुरा राहिला, पण जिंकत तोच होता, आणि खेळायची पाळीही त्याचीच होती. अशा वेळी पुढची खेळी कागदावर लिहून पाकिटात बंद करायची. सकाळी पंच ते उघडतात, आणि लिहिलेलीच खेळी पटावर होते.

सकाळी अकराच्या आत तो घरी परतला. सुमन तांदूळ निवडत होती.

"एवढ्यात? जिंकलात?"

"घर चुकीचं लिहिलं गं."

त्याच्या जुन्या पुस्तकांत ज्यानं त्यानं रांगा आपापल्या बाजूनं मोजायच्या. आता नव्या पद्धतीत दोघांनीही पांढऱ्याच्याच बाजूनं मोजायच्या होत्या. हत्ती न्यायचा होता 'डी' या उभ्या ओळीत, दुसऱ्या रांगेत. त्याच्या बाजूनं ती सातवी. सवयीनं हात लिहून गेला, 'हत्ती डी सात.' तिथं तर त्याचंच प्यादं उभं होतं. खेळी अशक्य, म्हणून डाव गेला.

"मग सांगायचं ना त्यांना, चुकून झालं म्हणून!"

"सांगितलं. पंचही हळहळले."

"मग?"

"मग काय. पाकिटात असेल ते खरं."

दुसऱ्या दिवशी उरलेली रजा रद्द करून तो कामावर गेला. त्यानंतर कुठल्याच स्पर्धेला गेला नाही. फक्त दर रविवारी जेवणं झाली की तोच डाव मांडायचा. हत्ती योग्य घरात ठेवायचा, दोन्ही बाजूंनी आपणच खेळायचा, जिंकायचा आणि पट आवरायचा. अशी चार वर्षं गेली. एका रविवारी न राहवून सुमन समोर बसली.

"मला शिकवा. मी खेळते तुमच्याशी."

त्यानं मान वर केली नाही.

"नको. तू दुसरंच काहीतरी खेळशील."