हांडे साहेबांचं जॅकेट

हांडे साहेबांबरोबर शेवटचं काय केलं, तर त्यांच्या लाइफ जॅकेटचा पट्टा आवळला. ते ओरडले, "पावणं, माणूस बांधताय का बैल?"

एकाहत्तरची लढाई. समुद्राकाठचा तळ. मी कॉर्पोरल. जॅकेटं तपासायचं माझं काम. जॅकेट पिवळं. पायलट पाण्यात पडला की दोरी ओढायची, ते फुगायचं. फ्लाइंग ऑफिसर हांडे बॉम्बरचे पायलट. वय तेवीस. गाव आणे, मी खोडदचा; आम्ही एकाच तालुक्यातले. चारचौघांत ते मला कॉर्पोरल म्हणायचे. दोघंच असलो की पावणं.

पोहणं त्यांना बेताचंच यायचं. म्हणायचे, "आमच्या पठारावर प्यायला पाणी न्हाई, पोहू कुठं? तुमचं जॅकेट हाय की."

म्हणून त्यांचं जॅकेट मी दोनदा तपासायचो.

दुपारी दोन बॉम्बर गेले. पुढं लीडर, मागं हांडे साहेब, नंबर टू. चारच्या सुमारास आम्ही टॉवरखालच्या जीपपाशी रेडिओ ऐकत होतो. लीडर बोलले, "नंबर टू पाण्यात गेला."

टॉवरनं विचारलं, "पाण्यावर पिवळं काही दिसतं?"

"थांबा."

आम्ही थांबलो.

"निगेटिव्ह."

"पुन्हा बघा."

"निगेटिव्ह. फ्युएल संपत आलंय. परततोय."

माझ्याकडं कोणी बघितलं नाही. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नेव्हीनं शोधलं. साहेब सापडले नाहीत, विमानात त्यांच्याबरोबर असलेला नॅव्हिगेटरही नाही. जॅकेट फुगलं का नाही, मला आजवर कळलेलं नाही.

पेन्शनीत गावी आलो. आमच्या रानाशेजारी त्या मोठाल्या रेडिओ दुर्बिणी उभ्या राहिल्या. म्हणतात, आभाळातलं लई लांबचं ऐकू येतं. समुद्रातलं येतं का, विचारणार होतो. नाही विचारलं.

झोपेत दचकलो की आमची कारभारीण म्हणायची, "फुगलं व्हतं वो. झोपा आता." तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. तरी तिचं मला पटायचं. तिला जाऊन दोन पावसाळे झाले. आता तसं म्हणणारं घरात कोणी नाही. म्हणून हे लिहितोय.

साहेब गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी नवा पायलट आला. पोरगाच. घाईत होता.

"कॉर्पोरल, जल्दी."

"थांबा सर."

त्याचं जॅकेट मी तोंडानं फुगवलं. कानाला लावलं. हवा कुठं सुटते का, ऐकत राहिलो. मग हवा सोडली, घडी घातली, त्याच्या गळ्यात घातलं. पट्टा आवळला.

'माणूस बांधताय का बैल?' असं कोणी ओरडलं नाही.