हेदर आणि एसीचं पाणी

मंडळी, आज सकाळी दोहातल्या आमच्या बाल्कनीत हेदर फुललं! थंड देशातलं बुटकं, सदाहरित झुडूप, आणि इथे फुललं!

आधीची दोन रोपं मीच मारली. आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं, तसंच हेदरलाही. नळाच्या पाण्यातले क्षार त्याला सोसत नाहीत, हे मला कुठे ठाऊक!

शेवटी शेजारचे रत्नागिरीचे सलीमभाई म्हणाले, "वहिनी, एसीचं पाणी ठिबकतं ना, ते बादलीत धरा नि तेच घाला." तिसरं रोप उन्हाळाभर हॉलमध्ये त्याच पाण्यावर जगवलं आणि ऊन उतरल्यावर बाल्कनीत ठेवलं.

आज गुलाबी फुलं बघून सलीमभाई ओरडलेच, "फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अख्खी दुनिया इथे यायचीय, पण पहिला पाहुणा तुमच्याकडे उतरला!"

आनंदाच्या भरात माझा हात पुन्हा नळाच्या तांब्याकडे गेला. पाहुणा आला की आधी पाणी द्यायची सवय तुमची तरी सुटते का हो?