माशाच्या बरगड्या

आमच्या मामांनी जन्मभर खिडक्यांच्या जाळ्या केल्या. चोराचा हात आत जाता कामा नये, एवढाच त्यांचा हिशेब. त्यामुळे वाचनालयासमोर माशाच्या सांगाड्यासारखा सायकल स्टँड करायचं काम मिळालं, तेव्हा ते हरखून गेले. प्रत्येक दोन बरगड्यांमध्ये एक चाक बसायचं होतं.

उद्घाटनाच्या सकाळी मी माझी सायकल लावून बघितली. चाक आत जाईना. मामांनी सवयीने गज खिडकीच्या जाळीइतकेच जवळ जवळ बसवले होते.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "पाहुणे येतील गं आता!"

"इतकी वर्षं चोरांना अडवलंत, आता सायकलींनाही अडवा," मामी म्हणाली. पण कटरची वायर तिनेच वाचनालयात नेऊन लावली.

मामांनी कटर चालू केला. एकाआड एक बरगडी कापताना ते सारखे रस्त्याकडे बघत होते. शेवटी चाक आत गेलं.

"मासा उपाशी दिसतोय का गं?"

मी काही बोलणार तोच पाहुण्यांची गाडी आली. मामांनी माशाच्या पाठीवर कापलेल्या जागी घाईघाईने रंग फासला. पाहुण्या बाई कौतुकाने तिथेच हात ठेवायला पुढे झाल्या आणि मामा ओरडले, "अहो, थांबा, रंग ओला आहे!"