चाचांनी सांगितलेला नियम

मामाच्या शेडमधल्या लूमवर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे सारखे तुटत होते. मामाचं मत पक्कं होतं, सूतच खराब आलंय, अख्खा माल परत पाठवायचा. मी तेव्हा भिवंडीतल्या घरूनच काम करायचे आणि लॉजिक प्रोग्रामिंगची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, शिकत होते. तिच्यात हिशेब नाही, नियम लिहायचे: सूत कच्चं असेल तर धागा तुटतो, हवा कोरडी असेल तर धागा तुटतो. प्रत्येक नियमापुढे त्याची शक्यता. मग विचारायचं, धागा तुटलाय, तर दोष कुणाचा?

शक्यता मी मामाच्या शेडमधल्या चाचांकडून घेतल्या. तिथले लूम तेच दुरुस्त करायचे, माझ्या जन्माच्या आधीपासून. दहात किती वेळा, असं मी विचारलं की ते बोटं वर करत.

उत्तर मामाच्याच बाजूचं आलं, सूत. चाचांना ते पटेना. ते मला शेडमध्ये घेऊन गेले आणि नवा बसवलेला मोठा पंखा दाखवला. त्याने शेडमधली सगळी ओल बाहेर ओढली होती. घरी येऊन मी प्रोग्रामला हवा कोरडी आहे एवढंच कळवलं, सुताच्या नियमाला हात लावला नाही. तरी सुतावरचा संशय खाली आला. मी ते तीनदा चालवून पाहिलं. चाचांना मात्र नवल वाटलं नाही. एक चोर सापडला की दुसऱ्याकडे कोण बघतं, म्हणाले.

मामाने जमिनीवर पाणी मारायला लावलं, ओली गोणपाटं टांगली. तुटणं थांबलं, फक्त दोन लूम सोडून. हवा आता ओली आहे असं कळवून त्या दोन्हींबद्दल विचारलं, तर उत्तर पुन्हा सूत.

चाचा चष्मा लावून स्क्रीनकडे बघत बसले. मी त्यांना एकेक नियम वाचून दाखवला.

"माझी चूक कुठं लिहिलीस?" त्यांनी विचारलं.

मी लिहिलीच नव्हती. त्यांची चूक असू शकते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी विचारायला जीभ रेटली नसती.

"लिही. दहात एकदा. आणि हे दोन लूम गेल्या आठवड्यात मीच जुळवलेत, तेपण लिही."

मी लिहिलं. सूत मागे पडलं आणि चाचा पुढे आले. मला स्क्रीन फिरवून ठेवावीशी वाटली. ते मात्र उठून पाना घेऊन गेले. दोन्हीकडे ताण जास्त बसला होता. त्यांनी तो सैल केला, लूम चालू करून बराच वेळ समोर उभे राहिले. धागा तुटला नाही.

मामाला त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. मामा म्हणाला, "सूत परत न्हाय करायचं." आणि चाचांसाठी चहा सांगितला.


मी पुढे बऱ्याच ठिकाणी ती लायब्ररी वापरली. नियम लिहून झाले की आता थांबते, आणि कुणाचं नाव घ्यायला आपण कचरलो का, ते बघते.